सुएझपार गेलेल्या माशांच्या मूळमाता किती?

खाडीकाठ

शनिवारी सकाळी इथे सायप्रसमधल्या लिमासोलच्या जुन्या बंदरावर गेले होते. तिथे एक म्हातारे मच्छीमार आजोबा पाटीतून एकेक लायनफिश उचलून मोठ्या कात्रीने त्याचे काटे छाटत होते. आधी पाठीवरचे तेरा, मग पोटाखालचे, हाताला चामड्याचा मोजा, आणि छाटलेले काटे वेगळ्या डब्यात, कारण मासा मेला तरी त्या काट्यातलं विष लगेच मरत नाही. तांबूस-पांढरे पट्टे, पंख्यासारखे पसरलेले पर, दिसायला इतका देखणा मासा की मला आधी त्याला हातच लावावासा वाटेना. आजोबा म्हणाले की मी लहान असताना हा मासा इथे कोणी पाहिला नव्हता, आता रोज येतो.

खरंच पाहिला नव्हता. हा लायनफिश, शास्त्रीय नाव टेरॉइस माइल्स, तांबड्या समुद्रातला आणि हिंदी महासागरातला मासा. १९९१ मध्ये इस्राएलच्या हर्झलियाजवळ एक सापडला होता, मग वीसेक वर्षं शांतता, २०१२ ला लेबनॉनजवळ पुन्हा दिसला आणि त्यानंतर सायप्रस, तुर्कस्तान, ऱ्होड्स करत करत पाच वर्षांच्या आत ट्युनिशिया आणि सिसिलीपर्यंत पोचला.

मी मुंबईत एमएस्सी केल्यावर दोन वर्षं एका लॅबमध्ये माशांच्या परांचे तुकडे कापून त्यातून डीएनए काढायचं काम केलंय (लग्नानंतर इकडे आले, नवरा जहाज कंपनीत आहे), त्यामुळे असं काही दिसलं की माझ्या डोक्यात पहिला प्रश्न हाच येतो की हे सगळे नक्की किती जणांचे वंशज आहेत? म्हणजे कालव्यातून प्रत्यक्षात पोहत आले किती? त्यावर जरा सविस्तर लिहावं म्हणून हा धागा.

आधी कालवा. सुएझ १७ नोव्हेंबर १८६९ ला सुरू झाला. त्याला पनामासारखी पाणी अडवणारी दारं नाहीत, दोन समुद्र सरळ एकमेकांना जोडलेत. तरी सुरुवातीला मासे फारसे गेले नाहीत कारण वाटेत बिटर लेक्स आहेत, ती तळी कालव्याआधी कोरडी होती आणि तळाशी मिठाचा जाड थर होता, त्यामुळे मधलं पाणी भयंकर खारट. दुसऱ्या टोकाला नाईलचं गोडं पाणी पुरात समुद्रात येऊन पडायचं. म्हणजे एका बाजूला अति खारट आणि दुसऱ्या बाजूला कमी खारट, अशा दोन भिंती. मीठ हळूहळू विरघळत गेलं, नाईलवर आस्वानचं मोठं धरण झालं आणि पूर थांबला, कालवा वेळोवेळी खोल आणि रुंद केला, २०१५ मध्ये तर एका भागात समांतर दुसरा कालवाच काढला. आज भूमध्य समुद्रात तांबड्या समुद्राकडून आलेल्या माशांच्या शंभरहून जास्त जाती मोजल्यात. उलट दिशेने गेलेल्या अगदी थोड्या. कालवा बांधणाऱ्या लेसेप्सच्या नावावरून या माशांना लेसेप्सियन म्हणतात.

आता मूळ मुद्दा. आपल्या कोकणात एखाद्या वाडीत सगळी घरं दोनच आडनावांची असली तर आपण काय म्हणतो, मूळपुरुष दोन होते, बाकी सगळा त्यांचा विस्तार. माशांत हेच करता येतं, फक्त आईच्या बाजूने. पेशीत मायटोकॉन्ड्रिया असतात, त्यांचा स्वतःचा छोटासा डीएनए असतो आणि तो आईकडूनच पिल्लाला मिळतो. त्यातल्या एका तुकड्याची अक्षरं वाचली की कळतं हा मासा कुठल्या 'आडनावाचा'. या आडनावाला हॅप्लोटाइप म्हणतात. मूळ समुद्रात किती आडनावं आहेत आणि नव्या समुद्रात किती, हे ताडून बघितलं की मूळमाता साधारण किती असाव्यात याचा अंदाज येतो.

या बाबतीत मला सगळ्यात थक्क करणारा मासा म्हणजे फिस्टुलारिया कॉमरसोनी, कॉर्नेटफिश. बासरीसारखं लांब तोंड, अंग नळीसारखं, मीटरभर किंवा त्याहून लांब. जानेवारी २००० मध्ये इस्राएलच्या किनाऱ्यावर पहिल्यांदा मिळाला. २००२ पर्यंत सिसिलीच्या सामुद्रधुनीत, २००५ ला सार्डिनिया, २००७ ला स्पेन. अख्खा भूमध्य समुद्र सात वर्षांत! संशोधकांनी याचं नावच लेसेप्सियन स्प्रिंटर ठेवलं. आणि २००७ मध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले डॅनियल गोलानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए तपासला तेव्हा तांबड्या समुद्रात भरपूर वेगवेगळी आडनावं, आणि भूमध्यात फक्त दोन.

दोन!! एवढा समुद्र भरला तो बहुतेक बोटावर मोजण्याइतक्या माद्यांच्या पोरांनी.

सोलकढी

छान धागा ताई, वाचतेय. लायनफिश खातात का पण? आणि चव कशी?

खाडीकाठ

हो खातात, काटे काढले की आतलं मांस पांढरं, मऊ, आपल्या हेकरूसारखं. विष काट्यात असतं, मांसात नाही. मी हळद-मीठ-आगळ लावून रव्यात तळला, घरी सगळ्यांना आवडला. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा आणि डॉक्टरकडे जायचं, उष्णतेने विष बरंच निकामी होतं.

मालवणचो_झील

ताई, आपल्याकडचे मासे गेलेत का तिकडे? सुरमई मिळते का?

खाडीकाठ

मिळते की! सुरमई म्हणजे स्कॉम्बेरोमोरस कॉमरसन, हिची भूमध्यातली नोंद १९३५ ची आहे, तेव्हाच्या पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावर. नोंद करणारे जेम्स हॉर्नेल, ते आधी मद्रासला मत्स्यखात्याचे संचालक होते म्हणजे सुरमई त्यांच्या चांगली ओळखीची असणार. बांगडासुद्धा गेलाय, इस्राएलला १९७० मध्ये नोंद आहे, पण त्याचं बस्तान बसलं नाही, क्वचितच दिसतो. राणी मासा मात्र जोरात आहे. २००५ मध्ये पहिला मिळाला आणि आता इस्राएल-तुर्कस्तानच्या ट्रॉलरना भरपूर मिळतो. तो नेमिप्टेरस रँडॉली, पण पहिल्यांदा मिळाला तेव्हा जॅपोनिकस म्हणून नोंदला गेला होता, नंतर नाव दुरुस्त झालं. हे सगळे आपल्या रत्नागिरी-मालवणचे नव्हेत हं, तांबड्या समुद्रातले त्यांचे भाऊबंद.

आणि चोर बोंबील! त्याची गोष्ट तर फार महत्त्वाची आहे. तो १९५० च्या सुमारास भूमध्यात शिरला, तिथल्या ट्रॉलरचा एक मुख्य मासा झाला, आणि साठ वर्षं सगळे त्याला सौरिडा अंडोस्क्वामिस म्हणत राहिले. २०१५ मध्ये नीट तपासल्यावर कळलं की ही जात वेगळीच आहे आणि तिला तोवर नावच नव्हतं. मग सौरिडा लेसेप्सिॲनस असं नाव दिलं. साठ वर्षं बाजारात विकला गेलेला मासा! नाव चुकलं की तुलना कुठल्या समुद्राशी करायची तेही चुकतं, तुम्ही प्रशांत महासागरातल्या भलत्याच माशाशी डीएनए ताडत बसाल आणि म्हणाल काहीच जुळत नाही.

चीफसाहेब_निवृत्त

खाडीकाठ, धागा आवडला. मी एकतीस वर्षं इंजिनरूममध्ये काढली, सुएझ किती वेळा केला त्याची गणती नाही. पूर्वी दक्षिणेकडे जाणारा काफिला ग्रेट बिटर लेकमध्ये नांगर टाकून थांबायचा, समोरून येणारी जहाजं जाऊ द्यायची म्हणून. रात्री डेकवरचे दिवे पाण्यावर पडले की लहान मासे त्या उजेडात गोळा व्हायचे आणि त्यांच्यामागे लांबट मोठे मासे, आमचे खलाशी गळ टाकून बसायचे. तेव्हा मनात कधी आलं नाही की हे मासेसुद्धा आमच्यासारखेच कालवा पार करायला निघालेले असतील. अजून एक सांगतो, १९६७ च्या युद्धानंतर कालवा आठ वर्षं बंद होता, चौदा जहाजं त्या तळ्यात अडकून पडली होती, जुने लोक त्यांच्याबद्दल सांगायचे. जहाजं अडकली पण पाणी तर वाहतच होतं.

माझा प्रश्न, यात आमच्या बॅलास्ट पाण्याचा (जहाजाचा तोल राखायला टाक्यांत भरतात ते) हात किती? समुद्राचं पाणी आत घ्यायच्या तोंडाशी जाळी असते, ती साफ करायला उघडली की शिंपले, खेकडे, बोटभर मासे जिवंत निघायचे, मी स्वतःच्या हाताने काढलेत. ८ सप्टेंबर २०१७ पासून बॅलास्ट पाण्याचा आंतरराष्ट्रीय करार लागू झाला, आता प्रक्रिया केल्याशिवाय पाणी सोडता येत नाही. पण त्याआधी आम्ही टनावारी पाणी एका बंदरात भरून दुसऱ्या बंदरात सोडलंय, हे मनाला लागतं.

खाडीकाठ

काका, तुम्ही दोषी वगैरे वाटून घेऊ नका, तेव्हा नियमच नव्हता. बॅलास्टमधून मुख्यतः छोटे, फटीत राहणारे मासे जातात, गोबी वगैरे. राऊंड गोबी काळ्या समुद्राकडून बाल्टिकमध्ये आणि अमेरिकेतल्या ग्रेट लेक्समध्ये असाच गेला असं मानतात, दोन्हीकडे १९९० ला सापडला. कॉर्नेटफिश, लायनफिश, सुरमई यांना टाकी लागत नाही, कालवा पुरतो. आणि इथेच डीएनए उपयोगी पडतो. भूमध्यातल्या लायनफिशबद्दल लोक म्हणायचे कुणीतरी मत्स्यालयातून सोडला असेल. २०१७ मध्ये लेबनॉनच्या मिशेल बारिशे आणि सहकाऱ्यांनी तपासलं तर इथल्या माशांची आडनावं तांबड्या समुद्रातल्यांशी जुळली. म्हणजे कालव्यातूनच.

शंकानिरसन_हवे

मी शाळेत विज्ञान शिकवतो. एक गोष्ट पटत नाहीये. आम्ही मुलांना शिकवतो की जवळच्या नात्यात लग्नं झाली की आजार वाढतात, वैविध्य नसलं की जात टिकत नाही, वाघांच्या बाबतीत तर सारखं वाचतो. मग दोन माद्यांपासून सुरू झालेला मासा सात वर्षांत स्पेनला कसा पोचतो? त्याने तर संपून जायला हवं होतं.

खाडीकाठ

सर, हा प्रश्न या विषयातला सगळ्यात मोठा प्रश्न आहे, त्याला आक्रमणाचा जनुकीय विरोधाभास असंच म्हणतात. जरा लांब उत्तर देते.

वैविध्य दोन तऱ्हेने मोजतात. एक म्हणजे वेगवेगळे प्रकार किती आहेत, आडनावं किती तसं. दुसरं म्हणजे एकाच माशाच्या अंगात आईकडून आणि बापाकडून आलेल्या प्रती वेगळ्या असण्याची शक्यता किती. अरुंद दारातून थोडेच जीव आत आले की पहिलं फार पटकन कमी होतं, जे दुर्मिळ प्रकार असतात ते सगळ्यात आधी गळतात. दुसरं मात्र त्या मानाने चिवट असतं. एका पिढीत ते साधारण एक भागिले संख्येची दुप्पट इतकं घटतं. म्हणजे दोनच मासे, एक नर एक मादी, आले तरी एक चतुर्थांश जातं, तीन चतुर्थांश शिल्लक. दहा आले तर वीसातला एक भाग, ९५ टक्के शिल्लक! खरं नुकसान होतं ते संख्या पिढ्यानपिढ्या कमी राहिली तर. वाघांचं तेच झालंय, संख्या घटली आणि घटलेलीच राहिली, शिवाय वाघीण एका वेळी दोन-तीन-चार बछडे देणार. माशाची मादी लाखांत अंडी देते, ती पाण्यात तरंगत जातात, एका-दोन पिढ्यांत संख्या हजारांवर गेली की घसरण तिथेच थांबते. दार अरुंद होतं पण दारात कोणी फार वेळ उभं राहिलं नाही, असं म्हणा हवं तर.

आणि सर, मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए फक्त आईकडून येतो आणि त्याची एकच प्रत असते, त्यामुळे तो बाकीच्या डीएनएपेक्षा चौपट लवकर विरळ होतो. त्यात दोनच आडनावं दिसली म्हणजे सगळा डीएनए तितकाच गरीब आहे असं नाही.

शंकानिरसन_हवे

आता लक्षात आलं. वीसातला एक भाग हे उदाहरण उद्या वर्गात फळ्यावर मांडतो.

थीसिस_लिहितेय

मी परिसंस्थाशास्त्रात पीएचडी करतेय (मासे नाहीत, पण जनुकीय आकडेमोड रोजची आहे) म्हणून थोडा विरोध नोंदवते, ताई रागावू नका. "दोन आडनावं म्हणजे बोटावर मोजण्याइतक्या माद्या" ही उडी जरा लांब आहे. दोन हॅप्लोटाइप म्हणजे कमीत कमी दोन माद्या. समजा कालव्याच्या दक्षिण टोकाला ज्या कॉर्नेटफिश होत्या त्यातल्या बऱ्याच त्याच दोन आडनावांच्या असतील तर शंभर माद्या येऊनही दोनच दिसतील. दुसरं, किती मासे तपासले यावर पण आहे, नंतरच्या लोकांनी भूमध्यातले जास्त मासे तपासले तेव्हा आणखी काही आडनावं निघालीच. तिसरं, शिरकाव एकदाच होतो असं का धरायचं, कालवा रोज उघडा आहे.

आणि सगळेच लेसेप्सियन मासे असे नाहीत. सिगॅनस रिव्ह्युलेटस आणि सिगॅनस ल्युरिडस हे दोन रॅबिटफिश घ्या, पहिला १९२० च्या दशकातला, दुसरा १९५० च्या दशकातला. २००३ मध्ये त्यांचा अभ्यास झाला तर तांबड्या समुद्रात जेवढं वैविध्य तेवढंच जवळजवळ भूमध्यात. अरुंद दाराची काही खूणच नाही. आणि नुकसान बघाल तर या रॅबिटफिशनी जास्त केलंय, तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर शेवाळाची जंगलं खाऊन खडक उघडे पाडलेत. म्हणजे वैविध्य कमी असो नाहीतर जास्त, मासा दोन्ही परिस्थितीत पसरला. मग नुसती आडनावं मोजून आपण कुठला मासा धोक्याचा ते सांगू शकतो का? मला नाही वाटत.

खाडीकाठ

रागावते कशाला, तुझं म्हणणं बरोबर आहे. 'कमीत कमी' हा शब्द मी खायला नको होता. फक्त एक, कॉर्नेटफिशच्या बाबतीत तांबड्या समुद्रात एखादं आडनाव फार बहुसंख्य आहे असं दिसत नाही, खूप विखुरलेली आहेत, म्हणून शंभर माद्या येऊन दोनच आडनावं दिसणं अवघड वाटतं. आणि नंतर जास्त निघाली तरी मूळ समुद्राच्या मानाने फारच थोडी. पण एकदाच आल्या की थोड्या थोड्या करत आल्या, हे त्यावरून ठरत नाही हे मान्य.

धोका आडनावांवरून सांगता येत नाही हेही मान्य. पण मला वाटतं यातून कामाची गोष्ट निघते ती वेगळीच. आपण समजतो की थोडेच आहेत तोवर काळजी नाही, वैविध्य नाही, आपोआप मरतील. कॉर्नेटफिशने दाखवलं की तसं धरून चालता येत नाही. पहिली दहा-वीस सापडली तेव्हाच हालचाल करायला हवी, कारण दहा-वीस पुरतात.

२०१६ मध्ये कॅलिफोर्नियातले जाकोमो बर्नार्डी, इटलीचे एर्नेस्तो अझुर्रो, गोलानी वगैरेंनी याच कॉर्नेटफिशचा संपूर्ण जिनोममधून (म्हणजे सगळ्या डीएनएमधून) हजारो जागा घेऊन अभ्यास केला. तेव्हा रोगप्रतिकार आणि अंगातल्या मीठ-पाण्याचा तोल सांभाळणं यांच्याशी संबंधित जागांवर नैसर्गिक निवडीच्या खुणा दिसल्या. म्हणजे एवढ्याशा भांडवलावर आलेला मासा नव्या समुद्रात दहा-पंधरा वर्षांत बदलायलाही लागला. हे वाचलं तेव्हा मी रात्री दोनपर्यंत जागी होते.

टॅम्पाकर

मी फ्लोरिडात असतो, स्कूबा करतो, इथला लायनफिश वेगळ्या वाटेने आलाय, कालव्याचा काही संबंध नाही, मत्स्यालयांच्या धंद्यातून. १९८५ ला मायामीच्या उत्तरेला डेनिया इथे एक मिळाला ती पहिली नोंद. १९९२ च्या अँड्र्यू वादळात एक टाकी फुटून सहा मासे समुद्रात गेले आणि त्यांच्यापासून सगळं सुरू झालं असं इथे कुणालाही विचारा, सांगेल, पण ज्या शास्त्रज्ञाने ते लिहिलं होतं त्यानेच पुढे ते मागे घेतलं, आणि १९८५ आधी येतं ना. २००० ला नॉर्थ कॅरोलायना आणि बर्म्युडा, २००४ ला बहामा, मग क्यूबा, सगळं कॅरिबियन, मेक्सिकोचं आखात, २०१४ ला ब्राझील. एक मादी दर तीन-चार दिवसांनी अंडी घालते, वर्षाला वीस लाखांच्या घरात, अंड्यांचे जेलीसारखे गोळे तरंगतात आणि पिल्लं सुमारे पंचवीस दिवस प्रवाहाबरोबर वाहतात.

इथले डीएनएचे निकाल मला फार आवडतात कारण ते नकाशासारखे वाचता येतात. उत्तरेला अमेरिकेच्या किनाऱ्यावर नऊ आडनावं मिळाली, आणि खाली कॅरिबियनमध्ये उतरल्यावर त्यातली चारच. म्हणजे प्रत्येक टप्प्यावर थोडी माणसं पुढे गेली आणि काही आडनावं मागेच राहिली, जशी एका गावातून चार घरं उठून दुसरीकडे वस्ती करतात तसं. जुळणारे मासे इंडोनेशियाकडचे निघाले, म्हणजे व्यापाराची वाट पण कळते.

आणि एक धक्का. आम्ही ज्याला टेरॉइस व्होलिटन्स म्हणतो (इथले बहुतेक तेच, शंभरात सहा-सात माइल्स) तो मुळात शुद्ध जातच नसावा. २०१८ चा अभ्यास आहे, त्यात मायटोकॉन्ड्रिया आणि पेशीकेंद्रातला डीएनए दोन्ही बघितले, तर दिसलं की व्होलिटन्स हा हिंदी महासागरातला माइल्सचा वंश आणि प्रशांत महासागरातला दुसरा वंश यांच्या संकरातून झालेला असावा. संकरामुळे तो जास्त दांडगा झाला का हा प्रश्न त्यांनीच विचारलाय. माझ्या भाल्याला लागलेला जो सगळ्यात मोठा मासा होता त्याचं पोट कापलं तर आत चौदा छोटे मासे निघाले, त्यातले काही अजून ओळखता येत होते. त्या दिवसापासून मी दर उन्हाळ्यात लायनफिश मारायच्या स्पर्धेला जातो.

थीसिस_लिहितेय

@टॅम्पाकर, भारी माहिती! आघाडीवर असलेल्या थोड्यांचीच पोरं पुढची जागा भरतात, त्यामुळे एखादा प्रकार नशिबानेच बहुसंख्य होतो, आमच्याकडे याला लाटेवर स्वार होणं म्हणतात. म्हणून आघाडीवर एखादा प्रकार जास्त दिसला की लगेच तो निवडीने वर आला असं म्हणायचं नसतं. हे बर्नार्डींच्या निकालालाही लागू आहे, पण त्यांनी ज्या जागा काढल्यात त्या मीठ-पाणी आणि रोगाशीच निगडित निघाव्यात हे मात्र नुसतं नशीब वाटत नाही.

आणि मूळमाता किती हे आधीच माहीत असलेलं एक उदाहरण हवाईचं आहे. १९५५ ते १९६१ च्या दरम्यान तिथल्या सरकारने मासेमारीला भर म्हणून मुद्दाम बाहेरचे मासे आणून सोडले. त्यातला निळ्या पट्ट्यांचा स्नॅपर, लुट्यानस कास्मिरा, तिकडे ताआपे म्हणतात, मार्केसास आणि सोसायटी या दोन बेटसमूहांवरून सगळे मिळून तीनेक हजार. आज तो हवाईच्या सगळ्या बेटमाळेत पार मिडवेपर्यंत आहे. मिशेल गेदर आणि सहकाऱ्यांनी तपासलं तर वैविध्य जवळपास तसंच, आणि मूळ जागी वेगवेगळ्या असलेल्या दोन वंशरेषा हवाईत एकमेकींत मिसळून गेलेल्या. हजारोंनी आणले तर काही हरवत नाही, उलट दोन ठिकाणचं एकत्र होतं. मोठा प्रयोगच झाला, पण लोकांनी काही तो मासा आवडीने घेतला नाही आणि आता मच्छीमार त्याच्यावर नाराज आहेत.

सोलकढी

बापरे, मुद्दाम सोडले!

जयगडकर

नमस्कार, मी रत्नागिरीकडचा, आमची दोन सिलिंडरची होडी आहे, भाऊ आणि मी जातो. सगळं वाचलं, डीएनएचं अर्धं कळलं पण आडनावाचं उदाहरण बरोबर बसलं. आमच्याकडे केंडांनी (ते फुग्यासारखे फुगणारे मासे) उच्छाद मांडलाय. थवाच्या थवा येतो, जाळ्यातली मासळी कुरतडतात आणि जाळं पण फाडतात, दात असे की तंगूस (जाळ्याचा नायलॉनचा धागा) कापला जातो सुरीने कापल्यासारखा, मागच्या हंगामात जाळी शिवण्यातच किती दिवस गेले. हे पण बाहेरून आलेत का? कोणी सोडलेत का?

खाडीकाठ

दादा, नाही, केंड आपलेच. इथेच राहणारे, संख्या वाढलीय ती वेगळ्या कारणांनी असेल पण त्यांना उपरे म्हणता येणार नाही. गंमत अशी की त्यांच्यातलाच एक मोठा भाऊबंद, रुपेरी पट्ट्याचा लॅगोसेफॅलस स्केलेरॅटस, भूमध्यात मात्र उपरा आहे. २००३ मध्ये तुर्कस्तानच्या गोकोवा खाडीत पहिला मिळाला आणि तिथले मच्छीमार तुम्ही लिहिलंत तेच शब्दाशब्दाने सांगतात, जाळं फाडतो, गळ तोडतो, मासळी अर्धी खाऊन ठेवतो. शिवाय त्याच्या अंगात टेट्रोडोटॉक्सिन नावाचं विष, खाल्ला तर जीव जातो, विकायला बंदी. तुर्कस्तान सरकार २०२० च्या शेवटापासून एका शेपटीमागे मच्छीमाराला पैसे देतं, सायप्रसमध्येही मोबदला आहे. इथल्या बंदरावर एका मच्छीमाराने मला त्याचं जाळं दाखवलं होतं, मुठीएवढी गोल भोकं, कडा एकदम सरळ कापलेल्या. तुमचं वाचताना तेच डोळ्यांपुढे आलं.

जयगडकर

शेपटीमागे पैसे मिळाले असते तर आमची होडी एव्हाना दुरुस्त झाली असती. असो. एक विचारायचं होतं. मागच्या मंगळवारी बारा वाव खोलीवर जाळ्यात एक मासा आला, वीतभर, अंगावर तिरपे पट्टे, तोंड पुढे आलेलं. मला नाव आलं नाही, वडील चाळीस वर्षं दर्यावर गेलेत त्यांनाही आलं नाही. फेकायचं मनाला येईना, बर्फात ठेवलाय. त्याचं काय करू?

खाडीकाठ

दादा फेकू नका!! आधी फोटो काढा, आडवा ठेवून, डोकं डावीकडे, शेजारी पट्टी किंवा काडेपेटी, सगळे पर काडीने पसरून. मग उजव्या बाजूचा छातीजवळचा पर स्वच्छ ब्लेडने नखाएवढा कापा, ब्लेड आधी विस्तवावर धरा म्हणजे दुसऱ्या माशाचं रक्त लागणार नाही. तो तुकडा छोट्या बाटलीत पाणी न घातलेल्या कडक स्पिरिटमध्ये बुडवून ठेवा, तुकड्याच्या दहापट तरी स्पिरिट हवं. फॉर्मलिन अजिबात नको, त्याने मासा टिकतो पण डीएनए तुटतो. उरलेला मासा तसाच फ्रीजरमध्ये. चिठ्ठी पेन्सिलने लिहा, शाई स्पिरिटमध्ये विरघळते, तारीख, जागा, किती वाव, कुठलं जाळं. तो उपरा असेलच असं नाही, खोल पाण्यातला आपलाच एखादा असू शकतो जो सहसा वर येत नाही. पण नाव लावायच्या आधी नमुना नीट राहिला पाहिजे, चोर बोंबलाचं साठ वर्षं काय झालं ते वर लिहिलंच आहे.

थीसिस_लिहितेय

मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा दादा, आमच्या शेजारच्या लॅबमध्ये माशांचं बारकोडिंग (डीएनएच्या तुकड्यावरून जात ओळखणं) करतात, मी बोलते त्यांच्याशी. कुरियरचा खर्च माझ्याकडे.

चीफसाहेब_निवृत्त

जयगडकर, जागा लिहिताना जीपीएसचा आकडा लिहा, नुसतं "जयगडच्या समोर" नको. मोबाइलच्या नकाशावर ती जागा दाबून धरली की मिळतो.

जयगडकर

केलं सगळं. बायकोने होमिओपॅथीच्या गोळ्यांची काचेची बाटली गरम पाण्याने धुऊन दिली, त्यात पर ठेवलाय, स्पिरिट गळ्यापर्यंत भरलंय. चिठ्ठी पेन्सिलनेच, आकडा मशीनवरून घेतला, जाळं लिहिलंय, वाव बारा. फोटो आत्ता टाकतो, रेंज आली की.